ब्राउझर बदलला तो आठवडा

मागच्या रविवारी बोलताना धाकटीने मला पडद्यातून दटावलं. "आजी, तुझा ब्राउझर सेफ नाही. त्यात भोक सापडलंय. दुसरा टाक." मी लगेच हो म्हटलं नाही, तेव्हा थोरला मागून ओरडला, "आजी ऐकणारच नाही!"

बरोबर आहे. आजी आधी विचारणार. भोक कुठे आहे, बुजवायची सोय आली आहे का, आणि दुसऱ्यात भोक नाही हे कशावरून. हे प्रश्न मला कुठल्या वर्गात कोणी शिकवले नाहीत. एका जून महिन्यात, अमरावतीच्या आपल्या पुढच्या खोलीत, भर दिवसा मी ते शिकले. त्या आठवड्यात एका मुलीचं शिक्षण जाता जाता वाचलं. ते तुमच्यासाठी लिहून ठेवते. मी जन्मभर इंग्रजी शिकवलं, तरी हे मराठीतच लिहीन. अडलं तर बाबांकडून वाचून घ्या. त्यांचाही यात थोडा भाग आहे, त्यांच्याही कानावर पडू दे.

अकोल्याच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त होऊन मी अमरावतीच्या घरी राहायला आले, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. तुमचे आजोबा गेले होते. तुमच्या बाबांनी एका सुट्टीत परदेशातून येऊन संगणक बसवला, तो मला तुमची तोंडं दिसावीत म्हणून. पण तुम्ही दिसायचात आठवड्यातून एकदा, तेही अडखळत. उरलेले सहा दिवस ते यंत्र रिकामं बसलेलं मला बघवेना.

परीक्षांचे निकाल, प्रवेशाचे अर्ज हे सगळं नुकतंच संगणकावर जाऊ लागलं होतं. चौकात एक इंटरनेटचं दुकान होतं. आत प्लायवूडची खुराडी, प्रत्येकाला कापडाचा पडदा. आमच्या गल्लीतल्या एकाही मुलीला तिथे जायची परवानगी नव्हती. मुलं जाऊन निकाल बघून यायची आणि मुलींना दुसऱ्याच्या तोंडून आपले गुण कळायचे. मला हे पटलं नाही. मी टेबल उचलून पुढच्या खोलीत दारासमोर आणलं आणि पडदा रस्त्याकडे वळवला. येणाऱ्याजाणाऱ्याला काय चाललंय ते दिसू दे. दार उघडं, खिडकी उघडी. मग मुली यायला लागल्या.

ती वर्षं कसली होती ते तुम्ही वाचलं असेल. वऱ्हाडचं नाव निघालं की बाहेरच्यांना एकच गोष्ट आठवायची. दिल्ली-मुंबईचे कॅमेरे घेऊन माणसं यायची आणि जवळचं दुःखी गाव कोणतं ते विचारायची. एकदा असे दोघं आपल्या फाटकाशी थांबले. मी त्यांना पाणी दिलं आणि म्हटलं, "गावं आहेत, जा. पण इथे बारावी झालेल्या सात मुली अर्ज भरतायत, त्यांचंही चित्र घ्या." ते पाणी प्यायले आणि गेले.

तेव्हाची आमची खरी रोजची लढाई विजेशी होती. विजेला आमच्याकडे लाईन म्हणतात. लाईन सकाळी काही तास जायची, दुपारी काही तास जायची, आणि कधी जाणार त्याचं वेळापत्रक पेपरात छापून यायचं. मी ते कापून भिंतीला चिकटवायची. त्यावरून वहीत रकाने आखायची: वार, वेळ, कोण बसणार, काय काम. लाईनचं एक मिनिटही फुकट जाऊ द्यायचं नाही, हा माझा बाणा. शाळेत तासाची घंटा झाल्यावर मुलगी वर्गाबाहेर दिसली तर मला चालायचं नाही, तसंच हे.

संगणकाच्या पडद्यावर खालच्या कोपऱ्यात एक पिवळी ढाल रोज उगवायची. म्हणायची, नव्या दुरुस्त्या आल्या आहेत, उतरवून घ्यायच्या का? नंतर संगणक पुन्हा सुरू करावा लागेल. टेलिफोनच्या तारेवरचं ते मुंगीच्या पावलाचं इंटरनेट. त्या दुरुस्त्या घ्यायच्या तर एखाद्या मुलीचा सगळा रकाना जायचा. मी रोज 'नंतर' दाबायची. वर्षभर दाबलं. माझ्या वहीत सगळ्यांना वेळ होता, त्या ढालीला नव्हता.

त्या जूनमध्ये सगळ्यात जास्त रकाने एका मुलीचे होते. तेल्हाऱ्याकडची, वडिलांची कपाशीची काळी जमीन. अकरावी-बारावीसाठी ती आमच्या गल्लीत तिच्या मोठ्या बाबांकडे, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाकडे राहत होती. ते वरूडकडचे संत्र्याचे बगिचे ठेक्याने घ्यायचे. जूनमध्ये तो धंदा थंड, म्हणून घरीच असायचे. मुलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं. गुण चांगले होते. फक्त कोणतं कॉलेज आधी, कोणतं नंतर, हा पसंतीचा अर्ज संगणकावर भरायचा राहिला होता. मुदत शनिवारची.

सोमवारी सकाळी ती प्रवेशाचं पान उघडून कॉलेजांची यादी उतरवत होती. मी आत भाजी निवडत होते. "बाई, बाई," असा दबका आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर पडद्यावर एक उघडंनागडं चित्र. मुलीने फुलीवर दाबून ते बंद केलं, तर त्याच्या जागी दोन आली. दोन बंद केली, चार आली. आणि नेमके त्याच वेळी मोठे बाबा तिला जेवायला हाक मारायला फाटकातून आत आले. पडदा रस्त्याकडे, मीच वळवलेला. त्यांनी पायरीवरून सगळं पाहिलं.

"घरी चाल," एवढंच म्हणाले. ती वही तिथेच ठेवून गेली.

चार वाजता ते परत आले, एकटे. चप्पल दाराबाहेर काढली, पण बसले नाहीत.

"बाई, तुमी मोठ्या मानूस. तुमाले काई म्हनत नाई. पन आमची पोट्टी आता इथं येनार नाई."

"काय झालं ते तिला विचारलंत का?"

"विचाराचं काय त्याच्यात? म्या माह्या डोयानं पाह्यलं."

"तिने ते उघडलं नव्हतं."

"मंग का तुमी उघडलं?" ते हसले, आपण फार मोठा टोला मारला असं त्यांना वाटलं. मग चेहरा पुन्हा कठीण झाला. "तेल्हाऱ्याले फोन केला हाय. तिचा बाप शुक्रवारी येऊन घेऊन जाईन. पसंती-बिसंती काई भरनं नाई. बारावी झाली, बस झालं."

मुदत शनिवारची आणि बाप शुक्रवारी येणार. मी त्यांना म्हटलं, "शुक्रवारपर्यंत मला वेळ द्या."

"कायच्यासाठी?"

"ते मलाही अजून माहीत नाही," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

तुमच्या बाबांना फोन लावला. ते तिकडे कामाला निघायच्या घाईत. म्हणाले, "आई, तो संगणकाबरोबर आलेला ब्राउझर म्हणजे नुसती चाळणी आहे. जगजाहीर गोष्ट आहे. दुसरा टाक, सुटलीस." आणि वर, "खरं तर आई, तू हे मुलींचं प्रकरण बंदच कर ना. आमच्याशी बोलायला ठेव फक्त. कशाला नसती जबाबदारी?" मी त्यांना सांगितलं की तुझ्याशी रविवारी बोलेन, आज मला दुसऱ्या ब्राउझरचा पत्ता दे. त्यांनी दिला.

मंगळवारची सकाळची सगळी लाईन मी त्यावर घालवली. उतरवताना दोनदा तार तुटली, तिसऱ्यांदा पूर्ण झालं. नवा ब्राउझर उघडला, प्रवेशाचं पान आलं, अर्धा तास बसून राहिले, काही वावगं दिसलं नाही. मला इतका आनंद झाला की मी घाई केली. तशीच उठून मोठ्या बाबांच्या घरी गेले आणि म्हटलं, "दोष त्या जुन्या ब्राउझरचा होता. मी तो बदलला. आता असं काही होणार नाही. माझा शब्द आहे."

त्यांनी बराच वेळ अडकित्त्याशी चाळा केला. मग म्हणाले, "उद्या तिची मोठी आई संग येईन. ते पाहीन." मोठी आई म्हणजे त्यांच्या पत्नी.

बुधवारी दोघी आल्या. मोठी आई मुलीच्या खांद्यामागे खुर्ची ओढून बसल्या, पदर सावरून, परीक्षेच्या हॉलमधल्या पर्यवेक्षकासारख्या. मी टेलिफोनची तार जोडली. मुलीने अजून नवा ब्राउझर उघडलाही नव्हता. पडदा मोकळा होता; त्यावर तुमचा झोपाळ्यावरचा फोटो होता. त्या फोटोवरच एक चित्र उगवलं. मग दुसरं.

"अवो माय!" मोठ्या आई पदरात तोंड घालून, चित्राकडे बोट दाखवत म्हणाल्या. "ह्या बाईले घरचं कोनी नाई का?" त्यांना हसू आवरेना. मग त्यांचं लक्ष मुलीच्या चेहऱ्याकडे गेलं आणि हसू थांबलं. त्या उठल्या. "चाल बाप्पा. म्या तुह्या मोठ्या बाबाले काय सांगू आता?"

जाताना मुलगी दारात वळली. "बाई, म्या काईच दाबलं नाई."

"मला माहीत आहे."

"तुमाले माहीत हाय. पन त्याईले कोन सांगन?"

शब्द मी दिला होता, आणि तो माझ्याच खोलीत मोडला. त्या दुपारी जेवण गेलं नाही. चूक झाली याचा राग होताच, पण जास्त राग याचा होता की मी न समजता बोलले. वर्गात कुणी पाठ न करता उत्तर ठोकलं की मी तिला उभं करायची. आता मीच उभी होते.

गुरुवारी सकाळी मी रेडिओवाल्या भाईंना बोलावलं. ते मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचे. सारं आयुष्य रेडिओ दुरुस्त केले होते आणि रेडिओ बंद पडायला लागल्यावर संगणक शिकले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पडद्याला नाक लावलं, आणि काही मिनिटांनी विचारलं, "बाई, ही पिवळी ढाल कधीपासून येऊन राहिली?"

"रोज येते."

"अन् तुमी?"

"मी 'नंतर' म्हणते."

"रोज?"

"लाईन असते तेवढ्यात मुलींची कामं असतात."

त्यांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "क्या बात है बाई. दरवाजा दुरुस्त कराले सुतार रोज येऊन उभा राह्यते, अन् तुमी त्याले रोज उद्या ये म्हनता."

"पण मी ब्राउझर बदलला ना?"

"बदलला, चांगलं केलं. नवा बरा हाय. पन घाण ब्राउझरात बसली नाई, घरात बसली. जुन्या ब्राउझरात भोक होतं, त्याच्यातून आत आली. आता तुमी दुसरा दरवाजा लावला. जो आत येऊन बसला, थो कायले बाहेर जाईन?"

हे मला पहिल्यांदा नीट कळलं. भोक एक गोष्ट, त्यातून शिरलेला दुसरी गोष्ट. मी भोकाला पाठ दाखवली आणि शिरलेल्याला घरातच ठेवलं.

भाई आणखी शोधत होते. कोणती फाइल कधी आली याच्या तारखा संगणक ठेवतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "पहिली घाण इतवारी आली बाई. दुपारची वेळ. त्या टायमाले कोन बसलं होतं?"

मी वही काढली. इतवारचं पान. सकाळी दोघी मुली. संध्याकाळी निरंक. दुपारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: स्वतः.

आणि मला आठवलं. तुम्हाला ठाऊकच आहे, मी इंग्रजी पेपरातलं शब्दकोडं रोज सोडवते आणि कोणी मदत केलेली मला खपत नाही. त्या इतवारी दोन आडवे आणि एक उभा शब्द काही केल्या बसेना. मी दार लोटलं, संगणक सुरू केला आणि उत्तरं देणारं एक पान शोधलं. पान चमचमतं होतं, कडेने जाहिराती होत्या. मी कशावर दाबलं नाही, फक्त उत्तरं पाहिली. तेवढंच पुरलं. ते पान उघडताच त्या भोकातून जे यायचं ते आलं.

मी हे भाईंना सांगितलं. ते हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे. म्हणाले, "होते बाई. कोनाले सांगाची काय गरज? तुमचे फोटो सीडीवर काढतो, पुरं पुसून टाकतो, दुरुस्त्या माझ्या दुकानातून सीडीवर आनून भरतो. उद्या संध्याकाळपर्यंत साफ. बात खतम."

"आज पुसू नका," मी म्हटलं.

"काहून?"

"पुसलं तर संगणक साफ होईल. मुलीवरचं बालंट तसंच राहील."

ते माझ्याकडे बघत राहिले. "घाण दाखवाले ठेवता?"

"हो. आज दुपारपर्यंत."

"मले कळालं नाई अन् कळालंबी," असं म्हणून ते चहा पिऊन गेले.

आयुष्यभर मी घरात केर राहू दिला नाही. त्या दिवशी मुद्दाम राहू दिला. लाईन तीनला येणार होती. अडीचला मी मोठ्या बाबांच्या ओसरीवर गेले. तिथे आणखी दोन माणसं बसली होती. मी म्हटलं, "तुम्ही माझ्याबरोबर चला. आज मुलगी बसणार नाही, मी बसणार आहे. माझ्यासमोर काय येतं ते बघा."

"शब्द तं परवाच देला होता न बाई तुमी," ते म्हणाले. बसलेल्यांपैकी एक खोकला.

"तो मोडला. म्हणून आज शब्द देत नाही, दाखवते. का भीती वाटते?"

ते उठले.

तीनला लाईन आली. मी टेलिफोनची तार जोडली, खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मोठे बाबा दारात, हाताची घडी घालून. काहीही आलं नाही. पडद्यावर तुम्ही दोघं झोपाळ्यावर, बाकी शांत. पाच मिनिटं गेली. दहा गेली. सोमवारी आणि बुधवारी ती चित्रं ढुंगणाखाली आग लागल्यासारखी धावत यायची. आज त्यांनाही लाज आली की काय, कुणास ठाऊक.

"येत नाई न?" मोठे बाबा म्हणाले. "मंग पोट्टी बसली का काहून येते?"

"थांबा."

"किती थांबू? लाईन जाईन."

"जाऊ दे. पुन्हा येईल. तुम्हीही पुन्हा या."

हात मात्र मी मांडीवरून हलवले नाहीत. हलवले असते तर तेच म्हणाले असते, बाईनं दाबलं. आणि मग आलं. पहिलं एक. ते मी बंद केलं नाही. मागोमाग तीन. मी खुर्ची वळवली आणि त्यांच्याकडे तोंड करून बसले.

"सांगा. ही मी मागवली?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग छताकडे. "बंद करा न बाई थे."

"नाही करत. आधी सांगा, मी मागवली का?"

"नाई."

"मग तिने तरी कशी मागवली असेल?"

इथे मी थांबले असते तरी चाललं असतं. पण वही टेबलावर उघडी होती. मी ती त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. पिवळी ढाल, माझं रोजचं 'नंतर', इतवारची दुपार, 'स्वतः'. शब्दकोड्यासकट.

"म्हंजे तुमी चोरून उत्तरं पाहात होत्या?"

"हो."

"मास्तरीनबाई?"

"हो. मास्तरीणबाई. आता मला कुठे पाठवता? तेल्हाऱ्याला? तिच्या वडिलांना सांगा, उद्या येताच आहात तर हिलाही घेऊन जा."

त्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला. मग ते पायरीवर बसले आणि मोठ्याने हसले. इतके की रस्त्यावरून जाणारी बाई थांबून आत डोकावली आणि पडदा पाहून पळाली. हसून झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एक शहाणा प्रश्न विचारला. "मंग थो दुसरा टाकला होता न तुमी? त्याचा काई फायदा नाई?"

मी त्यांना भाईंनी सांगितलं ते सांगितलं. "म्हंजे अळी फळात शिरली अन् आपन टोपली बदलली."

"अगदी तसंच. टोपली चांगली घेतली, पण फळं तीच."

तेवढ्यात लाईन गेली. पडदा काळा झाला. "गेल्या एकदाच्या," मोठे बाबा म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी तेल्हाऱ्याला फोन केला की येऊ नको, पोट्टीचं काम राहिलं आहे.

शुक्रवारी भाईंनी संगणक पुसला. सीडीवरून वर्षभराच्या सगळ्या दुरुस्त्या भरल्या. नवा ब्राउझर ठेवला. जुनाही ठेवावा लागला, कारण प्रवेशाचं सरकारी पान नव्यात उघडायचं, पण धड चालत नव्हतं. पसंती निवडायचं बटणच हलत नव्हतं. ज्याने घाण आणली तोच वापरायचा होता, पण भोकं बुजवून आणि फक्त त्या एका पानापुरता. बाकी सगळं नव्यात.

तुमच्या बाबांना मी रविवारी सांगितलं, तू मला अर्धंच सांगितलंस. ते म्हणाले, मला घाई होती. त्या नव्या ब्राउझरचं म्हणाल तर तो खरोखर बरा होता. पण दोन-तीन महिन्यांत त्याचीही भोकं निघाली आणि त्याच्याही दुरुस्त्या येऊ लागल्या. जिथे माणसं जातात तिथे चोर जाणारच. तेव्हा धाकटे, बदलून फायदा होतो का म्हणशील, तर होतो, थोडा. पण बदललेल्याचीही दुरुस्ती 'नंतर' म्हणून ढकलणार असशील तर बदलू नकोस, उगीच जागा अडेल. आणि मी ज्याने आत्ता बोलते आहे त्याचं भोक गेल्याच आठवड्यात बुजवलं आहे. तू म्हणतेस म्हणून मी तो टाकणार नाही.

शनिवारी सकाळी बाकीच्या मुलींचे रकाने मी पुढे ढकलले आणि कोणी कुरकुर केली नाही. ती आली. मागून मोठे बाबाही आले आणि या वेळी बसले, तिच्या अगदी खांद्याशी. यादी उघडताच त्यांनी सुरू केलं. अमरावतीचंच टाक. कॉम्प्युटर टाक. अकोला नको, होस्टेल नको.

मुलगी यादीवरून बोट फिरवत होती. ते बोलले की बोट थांबायचं. असं दोन-तीनदा झालं. मी आतून बघत होते. म्हटलं, मध्ये पडायचं नाही, हा तिचा रकाना आहे.

शेवटी ती म्हणाली, "मोठे बाबा, जरासे तिकडं सरका न. तुमच्या सदऱ्यामुळे मले खालची ओळ दिसत नाई."

ते सरकले. खुर्ची उचलली आणि दाराजवळ नेऊन ठेवली. तिने वीस-बावीस ओळी भरल्या, दोनदा वाचल्या, आणि पाठवल्या. कागद छापून बाहेर आला तेव्हा त्यांनी तो घेतला, उलटासुलटा केला, कारण सगळं इंग्रजीत होतं, आणि तिच्याकडे दिला. "वाच."

तिने वाचलं. पहिल्या सगळ्या ओळींत इलेक्ट्रिकल होतं.

"इलेक्ट्रिकल? पोट्टी तारांवर चढन का?"

"चढन. ही लाईन काहून जाते थे पाहाचं हाय मले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जणू हे मी शिकवलं. मी नव्हतं शिकवलं. मी नुसती हसले.

यादी लागायची त्या दिवशी मी दार उघडलं तर मोठे बाबा पायरीवर बसलेले, सकाळपासूनच. लाईन यायला अजून तास होता. चहा विचारला तर म्हणाले, "चहा नको बाई, ढालीचं काम झालं का ते सांगा."

"काल संध्याकाळीच केलं."

लाईन आल्यावर मुलगी धावत आली आणि आम्ही तिघांनी यादी पाहिली. तिचं नाव तिच्या दुसऱ्या पसंतीला लागलं होतं. अकोला. इलेक्ट्रिकल. मोठ्या बाबांनी पडद्यावर बोट टेकवून तिचं नाव एकदा स्वतः वाचलं, सावकाश, एकेक अक्षर. मग म्हणाले, "अकोल्याले मी नेऊन देतो. तिच्या बापाले तिकडचं काई समजत नाई."